तारेचे शेवटचे टोक

संगणकाविषयी लिहायचे म्हटले की लिहिणारा बहुधा भविष्यकाळाकडे तोंड करून बसतो. कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या काय करील, नोकऱ्या राहतील की जातील, यावर बोलणे सोपे असते, कारण उद्याचा दिवस अजून उजाडायचा असतो. मी या लेखात एका मागे पडलेल्या, जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या वस्तूविषयी लिहिणार आहे. जुन्या डिस्क ड्राइव्हच्या केबलच्या शेवटच्या टोकाला बसवायचा, दीडशे ओहमच्या रोधकांचा तो एक लहानसा संच. त्याला टर्मिनेटर म्हणतात. दिसायला एखाद्या आयसीसारखा, किंमत काही रुपये. आज पदवीच्या वर्गात टर्मिनेटर म्हणजे काय असे विचारले, तर चित्रपटाची गोष्ट सांगणारेच अधिक निघतील.

एवढ्याशा वस्तूवर सबंध लेख कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हुबळी-धारवाडच्या महाविद्यालयांत, छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांत १९८५ ते २००० च्या सुमाराचा मराठी आणि कन्नड मजकूर फ्लॉप्यांवर पडून असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. प्रबंध, वार्षिक अहवाल, स्मरणिका, कदाचित या नियतकालिकासारख्या अंकांची अक्षरजुळणीही. तो मजकूर वाचायचा तर जुना ड्राइव्ह चालता हवा, आणि ड्राइव्ह चालायचा तर तार नीट जोडता आली पाहिजे. हे ज्ञान पाठ्यपुस्तकांतून केव्हाच बाहेर पडले आहे आणि जाणत्या हातांतूनही जाण्याच्या वाटेवर आहे. ते आपल्या प्रयोगशाळांनी जाणीवपूर्वक सांभाळावे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान सोसावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. गोलघुमट पाहिलेल्या कोणालाही ते कळण्याजोगे आहे.

प्रथम इतिहास. अमेरिकेतील शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने १९७६ साली सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बाजारात आणला. एसए-४०० हे त्याचे नाव. त्याला जोडायची ३४ तारांची पट्टीसारखी चपटी केबल पुढे इतकी रूढ झाली, की जगभरच्या लहान संगणकांनी तिचाच कित्ता गिरवला. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला तेव्हा तीच केबल थोड्या फरकाने उचलली. आपल्याकडे १९८४-८५ साली शाळांसाठी जो क्लास प्रकल्प सुरू झाला, त्यात दिलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाची फ्लॉपीची जोडणीही याच घराण्यातली. कंपन्या बदलल्या, पेट्यांचे रंग बदलले, पण चौतीस तारा राहिल्या.

या चौतीस तारांपैकी विषम क्रमांकाच्या सतरा तारा नुसत्या जमिनीच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या असतात. प्रथम पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. वस्तुतः प्रत्येक संकेताच्या तारेला दोन्ही बाजूंनी जमिनीची सोबत मिळाल्यामुळे शेजारच्या तारेची कुजबुज तिच्यात शिरत नाही, आणि सगळ्या केबलला एक ठरावीक स्वभाव येतो. या स्वभावालाच केबलचा इम्पीडन्स म्हणतात. अशा पट्टीच्या केबलीत तो सुमारे १०० ओहम असतो. येथे ओहम म्हटले म्हणून मीटर लावून मोजायला जाऊ नये, मीटर काहीच दाखवणार नाही. तारेतून धावणाऱ्या लाटेला तार किती अडवते, याचे ते माप आहे.

आता गोलघुमट. विजापूरच्या त्या घुमटाखालच्या सज्जात उभे राहून एक टाळी वाजवली, तर ती पुन्हा पुन्हा ऐकू येते. भिंतीला आवाज शोषून घेता येत नाही, म्हणून ती तो परत पाठवते. सहलीला गेलेली सगळी मुले एकदम ओरडू लागली की कोणाचाच शब्द कोणाला कळत नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. तारेतही नेमके हेच होते. एका टोकाला व्होल्टेज बदलले की त्या बदलाची लाट तारेतून निघते, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने. हुबळी स्थानकाचा २०२३ साली उद्घाटन झालेला १,५०७ मीटरांचा फलाट ती लाट साडेसात मायक्रोसेकंदांत ओलांडील. साठ सेंटिमीटरच्या केबलीला तिला तीन नॅनोसेकंद पुरतात. शेवटच्या टोकाला पोचल्यावर तिला शोषून घेणारे कोणी नसेल, तर ती आल्या वाटेने परत फिरते.

किती परत फिरते, याचे गणित सातवीच्या मुलालाही जमेल. टोकाच्या रोधातून केबलचा इम्पीडन्स वजा करा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागा. टोक मोकळे असेल तर जवळजवळ सगळी लाट परत येते. टोकाला बरोबर १०० ओहम असतील तर काहीच परत येत नाही. १५० ओहम असतील तर ५० भागिले २५०, म्हणजे एकपंचमांश परत येते, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. १८८० च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज गृहस्थाने तारायंत्राच्या तारांसाठी ही उपपत्ती मांडली. ते विद्यापीठात गेलेले नव्हते. काही काळ तारायंत्राच्या नोकरीत काढून उरलेले आयुष्य त्यांनी घरी बसून अभ्यासात घालवले. समुद्राखालच्या हजारो मैलांच्या तारांसाठी केलेले गणित शंभर वर्षांनी टेबलावरच्या हातभर केबलीला लागू पडावे, ही विज्ञानातली मौज आहे.

धारवाडच्या वाचकाला याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिरजेच्या कारागिराने केलेल्या तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली असते. लाट एका टोकावर आपटून परत फिरते, दुसऱ्या टोकावर आपटून पुन्हा येते, आणि या येण्याजाण्यातूनच षड्ज उभा राहतो. म्हणजे लाटेचे परत फिरणे हा काही दोष नव्हे. गवयाला ते हवे असते, संगणकाला नको असते. तंबोऱ्याची तार झंकारली पाहिजे, ड्राइव्हची तार झंकारता कामा नये.

यावर एखादा चौकस विद्यार्थी शंका काढील, आणि ती रास्त आहे. सव्वापाच इंची फ्लॉपीवरून माहिती येते ती सेकंदाला अडीच लाख बिट एवढ्या मंद गतीने. एका बिटाला चार मायक्रोसेकंद मिळतात. मग काही नॅनोसेकंदांच्या प्रतिध्वनीने काय बिघडणार? याचे उत्तर असे, की माहिती मंद असली तरी तिची कड तीव्र असते. त्या काळच्या टीटीएल आयसींत व्होल्टेजचा चढउतार थोड्या नॅनोसेकंदांत होतो. ड्राइव्हमधील मंडले संकेताची लांबी पाहत नाहीत, ती कड मोजतात. डोके एक पाऊल सरकव, अशी आज्ञा म्हणजे तारेवरचा एक ठोका. प्रतिध्वनीमुळे त्याची कड थरथरली आणि एकाचे दोन ठोके मोजले गेले, तर डोके दहाव्या मार्गाऐवजी अकराव्यावर जाऊन बसेल. घुमटात एका टाळीच्या अनेक टाळ्या होतात, तसेच हे. मग संगणक म्हणतो, फ्लॉपी खराब आहे. माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि फ्लॉपी टाकून देतो.

दीडशेच ओहम का, शंभर का नाहीत, हा पुढचा प्रश्न. तारेला संकेत देण्याचे काम त्या काळी बहुधा ७४३८ जातीचा आयसी करी. तो तार खाली ओढतो, आणि टर्मिनेटर तिला पाच व्होल्टकडे वर धरून ठेवतो. पाचाला शंभराने भागले तर ५० मिलिअँपिअर होतात, आणि या आयसीची मर्यादा ४८ ची आहे. दीडशेने भागले तर सुमारे ३३ येतात. तेव्हा लाट पुरती शोषली न गेली तरी चालेल, पण आयसीवर ताण नको, अशी ही तडजोड दिसते. अभियांत्रिकी म्हणजे बहुतेक वेळा अशीच शहाणी तडजोड असते. आता एकाच केबलीवर दोन ड्राइव्ह असून दोहोंतही टर्मिनेटर राहिला, तर रोध ७५ ओहमांवर येतो आणि प्रवाह ६५ मिलिअँपिअरांच्या आसपास जातो. आयसी थकतो, आणि तार पुरेशी खाली येत नाही.

म्हणून नियम असा, की केबलीवर ड्राइव्ह कितीही असोत, टर्मिनेटर एकाच ड्राइव्हवर ठेवायचा आणि तो ड्राइव्ह शेवटच्या टोकाचा असला पाहिजे. हुबळीसारख्या रेल्वेच्या गावात हे समजावून सांगणे सोपे आहे. गाडीच्या शेवटच्या डब्यावर एल. व्ही. अशी पाटी असते. ती दिसली की स्टेशनवरचा माणूस समजतो, गाडी पुरी आली. पाटी नसली तर त्याला धास्ती वाटते, आणि ती मधल्याच डब्याला लावली तर घोटाळा होईल. पाटी एकच हवी आणि ती शेवटच्या डब्यालाच हवी. मात्र हे झाले ड्राइव्हकडे जाणाऱ्या संकेतांचे. ड्राइव्हकडून परत येणाऱ्या संकेतांचे रोधक संगणकाच्या बाजूला बसवलेले असतात. जो ऐकणारा, त्याच्या टोकाला रोधक, हे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. पुढे आलेल्या स्कझी नावाच्या जोडणीत कोणीही बोलावे आणि कोणीही ऐकावे अशी सोय होती, म्हणून तेथे टर्मिनेटर दोन्ही टोकांना लागत.

आयबीएमने यात आपली एक गाठ मारून ठेवली. त्यांच्या केबलीत दहा ते सोळा क्रमांकाच्या सात तारा मधल्या आणि शेवटच्या जोडणीच्या दरम्यान उलट्या फिरवलेल्या असतात. त्यामुळे दोन्ही ड्राइव्हवरची खूण एकच ठेवली तरी शेवटचा ड्राइव्ह ए ठरतो आणि मधला बी. हार्ड डिस्कच्या केबलीतही असाच पीळ असतो, पण पंचवीस ते एकोणतीस या पाच तारांत. दोन्ही केबली ३४ तारांच्या आणि दिसायला सारख्या. पीळ कोठे आहे हे न पाहता एकीच्या जागी दुसरी लावणारा मनुष्य दिवसभर घाम गाळील आणि शेवटी दोष डिस्कला देईल.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक पाहिलेले उदाहरण देतो. एका संस्थेत, नाव सांगत नाही, दोन ड्राइव्हचा जुना पीसी होता. काही वर्षांपूर्वी त्याचा ए ड्राइव्ह बिघडला. दुरुस्तीवाल्याने तो काढून भंगारात दिला आणि मधला बी ड्राइव्ह उचलून टोकाला लावला. मधल्या ड्राइव्हमधून टर्मिनेटर पूर्वीच काढलेला होता, आणि ते बरोबरच होते. टोकाचा टर्मिनेटर मात्र जुन्या ड्राइव्हबरोबर भंगारात गेला. तेव्हापासून यंत्र कधी वाची, कधी न वाची. अखेर 'सर्व फ्लॉप्या खराब, निर्लेखित कराव्यात' असा शेरा डेड स्टॉक रजिस्टरात पडला. आमच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातून साधे १५० ओहमचे रोधक आणून आयसीच्या सॉकेटात बसतील असे जोडले आणि ड्राइव्हमधल्या रिकाम्या जागी बसवले. खर्च एका चहाइतका. ज्या फ्लॉप्यांवर मृत्यूचा दाखला निघाला होता त्यांतल्या बऱ्याच वाचता आल्या. सगळ्या आल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. चुंबकीय थराला बुरशी लागली असेल तर तेथे टर्मिनेटर काय करणार?

फ्लॉपी वाचली म्हणजे अर्धेच काम झाले. आपल्या भाषांचा मजकूर त्या काळी निरनिराळ्या टंकांत, प्रत्येकाच्या आपापल्या संकेतांत साठवलेला असे. एका टंकातला 'क' दुसऱ्या टंकात भलतेच चिन्ह होऊन बसे. याला अपवाद होता आणि तो आपल्याला जवळचा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र, आणि त्याच्याशी निगडित असलेला १९९१ चा इस्की हा भारतीय मानक संकेत. इस्कीमध्ये मराठीचा 'क' आणि कन्नडचा 'क' यांचा क्रमांक एकच. लिपी बदलली की तोच मजकूर देवनागरीऐवजी कन्नड अक्षरांत दिसे. दोन भाषांचे विभाग एकाच मुखपृष्ठात नांदवणाऱ्या नियतकालिकाच्या वाचकांना याहून गोड कल्पना कोणती सांगावी? युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही, १९९१ सालीच, देवनागरी आणि कन्नड दोन्ही होत्या, परंतु सामान्य छापखान्यापर्यंत युनिकोड पोचायला पुष्कळ वर्षे गेली. मधल्या काळातला मजकूर अधांतरी आहे. इंग्रजीतले जुने मजकूर जगात कोठेतरी दुसरी प्रत म्हणून सापडतील. धारवाडात जुळवलेल्या मराठी स्मरणिकेची दुसरी प्रत कोण ठेवणार?

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की हे मेलेले तंत्रज्ञान आहे आणि विद्यार्थ्यांचा वेळ त्यात का घालवावा? सोनीने फ्लॉप्यांची विक्री २०११ साली थांबवली हे खरे. पण २०२४ पर्यंत जपानच्या सरकारी नियमांतून फ्लॉपीचा उल्लेख पुरता गेलेला नव्हता, हेही तितकेच खरे. आणि टर्मिनेटर तर मुळीच मेलेला नाही. आजच्या मोटारगाड्यांत निरनिराळी यंत्रे कॅन नावाच्या दोन तारांवर बोलतात, आणि त्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहम लागतात. आजच्या संगणकाच्या स्मृतीत तर रोधक खुद्द चिपच्या पोटात बसवलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विद्यार्थ्याला तो आहे हेच ठाऊक नसते. धारवाडजवळच्या टाटांच्या बस कारखान्यात उद्या नोकरीला लागणाऱ्या मुलाने हे तत्त्व आज जुन्या ड्राइव्हवर हाताने शिकावे, यात वेळ कोणता वाया गेला? ऑसिलोस्कोप लावा, टर्मिनेटर काढा, पावलाच्या तारेवरची थरथर पाहा, टर्मिनेटर घाला, थरथर निवलेली पाहा. या अर्ध्या तासात लाटेचे परावर्तन जितके कळते तितके फळ्यावरच्या समीकरणाने कळत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि जागेचा. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. प्रयोगशाळेत खुर्च्यांना जागा नाही, तेथे भंगार कोण सांभाळणार? पण मी संग्रहालय मागत नाही. एक सव्वापाच इंची व एक साडेतीन इंची चालता ड्राइव्ह, योग्य पिळाची केबल, टर्मिनेटरांची एक डबी आणि हे सारे कसे जोडायचे याचा मराठी व कन्नडमध्ये लिहिलेला एक कागद, एवढे एका खणात मावते. ग्रीसवीझल नावाचे एक स्वस्त उपकरण आता मिळते. ते जुन्या ड्राइव्हला ३४ तारांच्या केबलीने आणि आजच्या संगणकाला यूएसबीने जोडते, आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेते. उपकरण नवे असले तरी केबल जुनीच आहे आणि टोकाचा नियमही जुनाच.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. निर्लेखनाची यादी करताना ड्राइव्ह आणि केबली वजनावर देऊ नयेत. आधी भौतिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाला दाखवाव्यात, आणि जे खरोखर टाकायचे ते २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत संस्थेकडे द्यावे. प्रत्येक विभागाने आपल्या कपाटांतल्या फ्लॉप्या एकदा बाहेर काढून यादी करावी. कोणत्या टंकात मजकूर आहे हे माहीत असलेल्या जुन्या टंकलेखकांना आणि छापखानेवाल्यांना आताच विचारून घ्यावे. वाचण्यापूर्वी सव्वापाच इंची फ्लॉपीची कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी आणि साडेतीन इंचीचे छिद्र उघडे करावे, म्हणजे चुकून काही लिहिले जाणार नाही. वाचलेला मजकूर युनिकोडमध्ये उतरवून ग्रंथालयाकडे सोपवावा. हे काम एका विभागाचे नव्हे. तार भौतिकीवाल्यांनी जोडावी, मजकूर मराठी-कन्नडच्या अध्यापकांनी तपासावा, आणि ग्रंथपालांनी त्याची नोंद ठेवावी. विद्यार्थ्यांना यात प्रकल्प मिळेल आणि संस्थेला आपली स्मृती परत मिळेल.

हे आजच करायला हवे, कारण फ्लॉपीवरचा थर आपल्या सवडीची वाट पाहत नाही, आणि तिच्यावर काम केलेली माणसे निवृत्त होत आहेत. सध्या आपल्यापैकी प्रत्येक संस्था आपण ओळीतल्या मधल्या आहोत असे धरून चालली आहे. सांभाळणारी कोणीतरी दुसरी संस्था पुढे असेल, बहुधा पुण्याला किंवा बंगळुरूला, अशी सर्वांची समजूत आहे. मला भीती वाटते ती याची, की पुढे कोणीच नाही. तार येथेच संपते आहे. तसे असेल तर शेवटच्या टोकाची जबाबदारी हुबळी-धारवाडने घ्यायला हरकत नाही. खर्च थोडा आहे, काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे, आणि पुढच्या सत्रात एखाद्या विभागाने कपाट उघडून सुरुवात केली तर केबल जोडायला मी स्वतः येईन.